वरच्या मजल्यावरची पाटकरीण

सोनू, लिहायला बसलीस तर सांगते. पण मधी मधी "आजी, त्याला इंग्रजीत असं म्हणतात" करून मला थांबवायचं न्हाई. मी शाळेची पायरी चढले न्हाई, मला जसं समजलं तसंच मी सांगणार. तुला लई नीट पाहिजे असलं तर इंद्रजीतला इचार, तो तासभर सांगंल आन् तुला काही कळणार न्हाई.

काल तू वरची खोली झाडायला गेलीस आन् खाली येऊन इचारलंस, भिंतीतल्या फळीवर हळदकुंकवाचे डाग कसले? तिथं देव कधीच नव्हते गं. तिथं एक कंप्यूटर व्हता, आन् त्याची राखण करणारी एक बाई व्हती. विजयमाला. तू तिला माला आत्या म्हणतीस, चिक्की आणायची म्हणून तुला आठवती. पण ती कोण व्हती, ते तुला ठाऊक न्हाई.

तिच्या आधी हापिसाचं सांगते. हडपसरला आपली काळी जमीन व्हती, पाटाच्या पाण्यावरची. शेवंती, फ्लावर, कांदा, सगळं व्हायचं. मग इकडं कंपन्या आल्या, पलीकडं आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, आन् तुझ्या आज्यानं रस्त्याकडंचा तुकडा इकून हे घर बांधलं. वरचा हॉल रिकामा. तो मागायला बाबुराव आले. बाबुराव म्हणजे पॅटर्नवाले. भट्टीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडाचा नमुना करत्यात, त्यातले कारागीर. हात असा, की लाकडावर बोट फिरवून सांगायचे कुठं केसभर चढलंय. त्यांचा पोरगा इंद्रजीत इंजिनेर झाला, तो म्हणला आता लाकूड बास, आता कंप्यूटरवर डिझाइन करायची, प्लास्टिकच्या बादल्यांच्या, गाड्यांच्या भागांच्या साच्यांची. म्हणून हे हापिस. बाबुराव कामाला नसायचे, पण रोज यायचे, वर एक चक्कर मारायचे आन् मग खाली आपल्या ओट्यावर बसायचे.

विजयमाला वाशीमकडली. आयटीआयमधनं ड्रॉइंग शिकून पुण्याला आली, वारज्याला बहिणीकडं राह्यली. पहिली नोकरी शनिवार पेठेतल्या एका हापिसात. तिथं डिझाइनचा जो प्रोग्राम असतो ना, तो चोरीचा. सीडीवर उतरून घेतलेला. तवा सगळीकडंच तसं चालायचं, कुणाला त्यात काही वाटायचं न्हाई. एक दिवस कंपनीची माणसं पोलिसांना घेऊन तपासायला आली, तवा मालकानं सरळ हिच्याकडं बोट केलं. ह्या बाईनं टाकला म्हणला, मला काय कळतंय त्यातलं. केस बिस काही झाली न्हाई, मालकानं मिटवलं. पण हिला काढली, आन् धंद्यात बोभाटा झाला की ही चोरीचा माल भरती. वर्षभर कुणी दारात उभी केली न्हाई. बहिणीच्या घरी बसून शर्टांना बटणं लावायची.

बाबुरावांकडं आली तवा तिनं हे सगळं आधीच सांगून टाकलं. वर म्हणली, माझ्या मशीनवर चोरीचं काही नको, असंल तर मी आत्ताच जाते. इंद्रजीतला राग आला. नोकरी मागायला आली का नोकरी द्यायला, म्हणला. बाबुराव ऐकत बसले व्हते. त्यांनी एवढंच इचारलं, डबा आणतीस का, इथं जवळ खानावळ न्हाई. म्हणजे ठेवली.

मग इंद्रजीतला खरा प्रोग्राम इकत घ्यावा लागला. लई महाग, म्हणून पाच जणांपुरताच घेतला. बसणारी माणसं आठ. आता ते कसं चालायचं, तर ऐक. प्रोग्रामचा एक परवाना असतो. कागदाचा न्हाई, कंप्यूटरच्या आतच असतो. त्याला फाईल म्हणत्यात. तो परवाना एकाच मशीनवर राहतो, वरच्या त्या फळीवरच्या मशीनवर. बाकीच्यांनी आपापल्या मशीनवर प्रोग्राम उघडला की आधी त्या फळीवरच्याला इचारायचं, माझी बारी हाय का? पाचाच्या आत असलं तर तो हो म्हणणार. सहावा आला तर थांब बाबा, कुणीतरी उठल्यावर ये.

मला हे तिनं सांगितलं तवा मी म्हणलं, अगं हे तर आपल्या पाटाच्या पाण्यासारखं झालं. पाणी एक, शेतं लई. पाटकरी बसून बाऱ्या लावणार, एकाचं भरलं की दार बंद करून दुसऱ्याचं उघडणार. ती हसली. म्हणली, मावशी, हेच तं मी करून राहिले. तवापासनं मी तिला पाटकरीण म्हणायला लागले, आन् हापिसातली पोरंही.

आन् पाटावर जे लबाड्या करायचे ना, तेच वर. एखादा प्रोग्राम उघडा ठेवून वडापाव खायला जायचा, म्हणजे आल्यावर बारी हातात. दुसरा ताटकळत बसलेला. मग ही उठायची, त्याच्या मागं चौकापर्यंत जायची. हापिसात एक आनंद म्हणून पोरगा व्हता, मोठा चालू, त्याला चारचौघांत म्हणायची, "आनंदराव, तुम्ही वडा खाऊन राहिले आन् तुमचं मशीन उपाशी लोकाईले अडवून राहिलं. सोडता का मी सोडवू?" सगळे हसायचे. आनंद जायचा गप, सोडायचा.

सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. चपला जिन्यातच काढायची. आधी ते फळीवरचं मशीन चालू करायची आन् त्याच्यापुढं उभी राहायची, परवाना उठेपर्यंत. एकदा वळवात वीज कडाडली आन् त्या मशीनच्या पोटातली एक पट्टी जळाली. दुसरी घातली तर परवाना ओळखच देईना. त्या जुन्या पट्टीचा नंबर परवान्यात घातलेला असतो म्हणं, पट्टी बदलली की त्याच्या लेखी घरच बदललं. मग डीलरकडं फोन, कागद, जळाली पट्टी पाकिटात घालून दाखवली, तवा नव्या पट्टीच्या नावानं परवाना आला. सगळं हिनंच केलं. डीलरकडं हापिसाच्या वतीनं जबाबदार माणूस म्हणून नावही हिचंच दिलेलं. त्या नावाचं तिला लई व्हतं. शनिवार पेठेत जे नाव मातीत गेलं, ते इथं कुणीतरी आपण होऊन लिहून घेतलं व्हतं ना.

आता मथुराबाईंचं सांगते. बाबुरावांची बायको. बाबुराव लाकडाचं काम करायचे तवापासनं त्यांच्यात रीत, पाडव्याला वर्षाचं पहिलं काम करायचं आन् घरच्या बाईनं त्याला हळदकुंकू लावायचं. लाकूड गेलं, कंप्यूटर आला, रीत राह्यली. पाडव्याला सकाळी हापिस उघडायचं, नव्या वर्षाचं पहिलं ड्रॉइंग मोठ्या कागदावर छापायचं. छापताना त्याच्या खालच्या कोपऱ्यात मशीन आपणच तारीख घालतं. त्या तारखेशेजारी मथुराबाई कुंकवाचं बोट टेकवायच्या, चार तांदूळ टाकायच्या. मग परवान्याच्या मशीनलाही कुंकू. विजयमाला आधीच त्याच्यावर रुमाल टाकून ठेवायची, अक्षता आत जाऊ नयेत म्हणून. तुला दिसले ते डाग त्याचेच. आन् तो कागद भिंतीवर लागायचा. एकेका पाडव्याचा एकेक, सगळे ओळीनं.

एका सालाला पाडवा चार दिवसांवर आला आन् मथुराबाई गेल्या. सकाळी भांडी घासता घासता. दवाखान्यात न्यायलाही सापडल्या न्हाईत.

पाडवा सुतकात गेला. हापिसाला कुलूप. गल्लीत सगळ्यांच्या गुढ्या, आन् बाबुराव आपल्या घराच्या दारात खुर्ची टाकून नुसते बघत बसलेले. मी जाऊन बसले जरा. मी उठले तवा म्हणले, भिंतीवर ह्या सालाची जागा मोकळी राहणार.

तेरावं झालं, हापिस उघडलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी विजयमाला खाली माझ्याकडं जेवायला बसली व्हती. उन्हाळ्यात ती वर डबा खायची न्हाई, वर पत्र्याखाली भट्टी व्हायची. आन् इकडं बाबुराव हळूहळू जिना चढून वर गेले. वर आनंद एकटाच. त्याला म्हणले, पाडव्याचं ड्रॉइंग काढून दे. आनंद म्हणला काढतो, तारीख पाडव्याची हातानं टाकतो. बाबुराव न्हाई म्हणले. हातानं घातलेली तारीख खोटी. मशीननं आपणहून घातली पाहिजे, दरवर्षी घालतं तशी.

बघ म्हणजे, किती साधा माणूस. हातानं लिहिलं तर खोटं, आन् मशीनचाच दिवस मागं फिरवून त्याच्याकडनं वदवून घेतलं तर खरं. पण त्या वेळी त्या माणसाला काय म्हणणार? आनंदलाही न्हाई म्हणवलं न्हाई. छापायचं यंत्र त्याच फळीवरच्या मशीनला जोडलेलं. त्यानं त्या मशीनची तारीख मागं नेऊन पाडव्यावर ठेवली, कागद छापला, तारीख परत पुढं आणली. बाबुराव कागदाची गुंडाळी घेऊन घरी गेले.

जेवणं करून सगळी वर आली, आन् एकाचाही प्रोग्राम उघडंना.

विजयमालानं मशीन बंद करून चालू केलं, काय काय करून बघितलं. मग तिला दिसलं ते. परवान्याला रोजचा दिवस लक्षात असतो. काल अमुक दिवस व्हता आन् आज त्याच्या मागचा आला, की तो समजतो आपल्याला कुणी फसवतंय, आन् दार लावून घेतो. तारीख परत नीट केली तरी उघडत न्हाई. कारण चोर हेच करत्यात. वर्षाचा परवाना संपला की घड्याळ मागं फिरवायचं आन् फुकट वापरत राहायचं. तिनं एकेकाला इचारलं. आनंदनं खाली मान घालून सांगितलं सगळं.

तिनं डीलरला कळवलं, तसा त्यांचा फोन आला. त्यांचा साहेब बंगलोरला, हिंदीत बोलायचा. तो म्हणला, ही तारीख मागं नेल्याची केस हाय, कंपनी चौकशी करणार. तारीख कुणी फिरवली आन् कशासाठी, ते जबाबदार माणसानं सांगायचं. आन् जबाबदार माणूस म्हणून माझ्यापुढं नाव हाय विजयमालाचं. पटलं न्हाई तर परवाना रद्द, आन् ह्या बाईचं नाव आमच्याकडं कायमचं बाद.

इंद्रजीत हादरला. डोक्यावर काम, गिऱ्हाइकं बोंबलतायत, आन् घरात आई नुकती गेलेली. तो तिला म्हणला, सांगून टाक मशीनमधली ब्याटरी गेली म्हणून तारीख फिरली. बाबांचं नाव कशाला? ते आत्ता कसे हायेत तू बघतीयस ना.

ती खाली आली आन् माझ्या चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, पाटावर बसली. मी भाजी निवडत व्हते, तीही निवडायला लागली. मग बोलली. म्हणली, ब्याटरी गेली तर तारीख एकदम जुन्या कुठल्यातरी सालात जाऊन पडते. पाडव्यावर बरोबर कशी थांबली, ते काय त्यांना कळणार न्हाई? खोटं पकडलं की मी दुसऱ्यांदा चोर. आन् खरं सांगायचं तर त्या माणसाचं नाव घ्यायचं, ज्यानं मला दारात उभं केलं. तेही त्यांना न सांगता, त्यांच्या मागं.

मी म्हणलं, मग काय करणार?

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राह्यली. म्हणली, आधी त्यांना सांगते.

संध्याकाळी बाबुराव नेहमीसारखे ओट्यावर आले. कागद मथुराबाईंच्या फोटोखाली लावला म्हणून सांगत व्हते. बऱ्याच दिवसांनी जरा बरं बोलत व्हते. ही बाहेर आली, त्यांच्यासमोर खाली बसली. मी दारात व्हते, मला सगळं ऐकू येत व्हतं. तिनं काही फिरवून सांगितलं न्हाई. बाबा, तारीख मागं नेल्यामुळं परवाना बंद पडला, काम थांबलं. कंपनी इचारतीय.

बाबुरावांचं तोंड उतरलं. म्हणले, "म्हणजे तिच्या नावानं केलेलं पहिलंच काम, आन् तेच अपशकुनी झालं."

"नाही बाबा."

"मग काय? मला एवढंच पाहिजे व्हतं, की तिच्या जाण्याच्या सालात खंड पडू नये."

विजयमाला म्हणली, "बाबा, त्या पाडव्याला वर कुणी काम केलं नाही. पाचही बाऱ्या रिकाम्या होत्या. त्या मशीनले मी आल्यापासून पाडव्याचा दिवस असा रिकामा एकच गेला. आईसाठी बंद होतं ते. तुम्ही त्याच्यावर तारीख छापली तं असं होईल, की आई गेल्या आन् चौथ्या दिवशी आपण वर बसून ड्रॉइंग काढून राहिलो होतो."

मी आत गेले. चहा ठेवायच्या निमित्तानं. बाबुरावांना मी मथुराबाईंच्या तिरडीपुढंही रडताना बघितलं नव्हतं.

चहा घेऊन आले तर ते डोळे पुसून बसले व्हते. म्हणले, फोन लाव त्या साहेबाला. तिनं इंद्रजीतला बोलावून घेतलं. इंद्रजीत खाली आला आन् समजला, तिच्याकडं असं बघितलं की काही इचारू नकोस. तिनं मान खाली घातली न्हाई. बाबुराव म्हणले, तिच्यावर डोळे काढू नको, फोन लाव.

बाबुरावांची हिंदी म्हणजे लाकडाच्या वखारीतली. पण सांगितलं त्यांनी. चोरी न्हाई साहेब. बायको गेली, तेरावं झालं, मला पाडव्याचा कागद पाहिजे व्हता, मी पोराकडनं फिरवून घेतलं. ही बाई त्या वेळी खाली जेवत व्हती, तिला ठाऊक नव्हतं. दंड लावायचा तर मला लावा, पण तुमच्याकडं तिचं नाव जे लिहिलंय ते पुसू नका. पलीकडनं साहेबानं इचारलं, परवान्याची मुदत शिल्लक व्हती ना? विजयमालानं फोन घेतला, मुदत सांगितली, अजून लई बाकी व्हती. चोरायला काही नव्हतंच त्यात. तो म्हणला हेच सगळं लिहून पाठवा, मी वर बोलतो.

चारपाच दिवस हापिस तसंच बसून राह्यलं. एक गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरीकडं गेलं, त्याचं इंद्रजीतनं तिला लई दिवस ऐकवलं. बोलला न्हाई नीट महिनाभर. ती आपली सकाळी यायची, चपला काढायची, बंद परवान्यापुढं उभी राहायची, बघायची आन् बसायची. पोरांना जुनी ड्रॉइंगं नीट लावायला दिली. मग एक दिवस सकाळी वरनं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, आन् मला कळलं, पाणी सुटलं. नवा परवाना आला व्हता. जबाबदार माणसाच्या जागी नाव तिचंच.

त्याच दिवशी बाबुराव वर आले. काखेत ती गुंडाळी. ती त्यांनी विजयमालाकडं दिली आन् म्हणले, आजची तारीख घालून काढ. जो दिवस हाय तो. तिनं काढलं. आपण होऊन मशीननं कोपऱ्यात त्या दिवसाची तारीख घातली, चैत्रातल्या कुठल्यातरी साध्या दिवसाची, ज्याला ना सण ना वार. बाबुरावांनी स्वतः खिळे मारून तो कागद ओळीत लावला. कुंकू लावायला कुणी नव्हतं, त्यांनी कुणाला सांगितलंही न्हाई. जुन्या कागदाचं काय केलं मला ठाऊक न्हाई. मी इचारलं न्हाई.

पुढच्या पाडव्याला मात्र बाबुरावांनी कुंकवाचा करंडा तिच्यापुढं धरला. तिचं लग्न झालेलं नव्हतं, ती मागं सरली. म्हणले, तू ह्या घरची न्हाईस का, लाव. तवापासनं तीच लावायची. बाबुराव गेले त्यालाही आता किती पाडवे झाले.

तर बाळा, आता तसला परवाना लागत न्हाई म्हणं. सगळं वरच्यावर, इंटरनेटवरनं येतं, फळीवरचं मशीन नको, बाऱ्या लावायला माणूस नको. इंद्रजीतनं हापिस आयटी पार्ककडं हलवलं. तिला चल म्हणला, नीट म्हणला हं, पण ती न्हाई म्हणली. गुडघे गेलेत, बहीणही एकटी हाय वारज्याला. हापिस हललं तवा भिंतीवरचे कागद तीच उतरवत व्हती, एकेक गुंडाळत. मी जिना चढून वर गेले, आता चढवत न्हाई तरी गेले. ती म्हणली, मावशी, त्या सालाचा कुठला, ओळखाल का?

मला अक्षर येत न्हाई. पण मी सरळ जाऊन त्याच्यावर बोट ठेवलं. सगळ्या कागदांच्या कोपऱ्यात वाळलेलं कुंकू व्हतं, आन् त्याचा कोपरा कोरा व्हता.

तिनं तो गुंडाळला न्हाई. इंद्रजीतला फोन करून इचारलं आन् आपल्या पिशवीत उभा ठेवून वारज्याला घेऊन गेली. किल्ली माझ्या हातात दिली. ती बघ, खुंटीला हाय.